एकाच कोठडीतले भाऊ : अहमद बेन बेला यांचा उदय आणि अस्त

नववीच्या वर्गात आम्ही आफ्रिकेचा नकाशा टांगला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर एकामागून एक देश कसे स्वतंत्र झाले, हे सांगताना अल्जेरियाचे नाव आले आणि त्यासोबत अहमद बेन बेला यांचेही. "फ्रान्सच्या कैदेतून सुटून ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. मग त्यांनी आपल्या काही जुन्या साथीदारांना कैद केले आणि शेवटी त्यांच्याच सेनापतीने त्यांना कैद केले," असे आम्ही दोन वाक्यांत सांगून टाकले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, जो स्वतः तुरुंगात राहून आला, त्याने आपल्याच दोस्तांना तुरुंगात का टाकलं?"

तास संपायला पाच मिनिटे होती आणि धडा पुरा करायचा होता. "हे परीक्षेला नाही, खाली बस," असे म्हणून आम्ही पुढे गेलो. मुलगा बसला, पण घरी आल्यावरही त्याचा प्रश्न मनातून जाईना. प्रश्न खरा होता आणि फक्त अल्जेरियापुरता नव्हता. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज या पानांवर शोधायचे आम्ही ठरवले आहे.

मग्नियाचा मुलगा

अल्जेरियाच्या पश्चिम टोकाला, मोरोक्कोच्या सरहद्दीजवळ मग्निया नावाचे गाव आहे. १९१६ साली तिथे एका शेतकरी, छोटा व्यापार करणाऱ्या दीनदार घराण्यात अहमद यांचा जन्म झाला. फ्रान्सने १८३० साली अल्जेरियावर स्वारी केली होती. सुपीक जमिनी युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या हाती गेल्या होत्या. आपल्याच मुलखात मुसलमान दुय्यम ठरले होते. शिक्षणासाठी अहमद तिलिमसान शहरात गेले, तेव्हा तिथल्या युरोपीय शिक्षकाच्या तोंडून मुसलमानांविषयीचा द्वेष त्यांनी ऐकला. वर्गात बसून ऐकलेला अपमान मूल जन्मभर विसरत नाही, हे आम्हा शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तरुणपणी ते फ्रेंच सैन्यात गेले. फुटबॉल उत्तम खेळत. मार्सेयच्या नामांकित संघाकडूनही ते मैदानात उतरले होते. १९४० साली शौर्याबद्दल त्यांना पदक मिळाले. १९४४ साली इटलीतल्या मोंते कासिनोच्या घनघोर लढाईत पुन्हा त्यांनी पराक्रम गाजवला आणि खुद्द जनरल द गॉल यांनी त्यांच्या छातीवर पदक लावले. त्याच वर्षी इटलीच्याच रणभूमीवर आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता कामी आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गुलाम देशांची मुले मालकांच्या युद्धात अशी रक्त सांडत होती आणि घरी परतल्यावर आपल्याला बरोबरीची इज्जत मिळेल, अशी उमेद धरून होती.

८ मे १९४५ रोजी युरोपात विजयाचा दिवस साजरा झाला. त्याच दिवशी अल्जेरियातल्या सेतिफ गावी लोक आपला झेंडा घेऊन मिरवणुकीत उतरले. गोळीबार झाला, दंगल पेटली, युरोपीय लोकही मारले गेले. त्यानंतर फ्रेंच फौजेने आणि वसाहतवाल्यांनी सेतिफ, गेल्मा भागात हजारो मुसलमानांना ठार केले. बेन बेला यांचा भ्रम तिथे संपला. फौजेत अधिकारी होण्याची संधी त्यांनी सोडली आणि ते गावी परतले. नगरपालिकेत निवडून आले आणि लवकरच स्वातंत्र्य चळवळीच्या गुप्त संघटनेत सामील झाले. १९५० साली पकडले गेले. १९५२ साली ब्लिदाच्या तुरुंगाचे गज कापून ते निसटले. करवतीचे पाते पावात लपवून आत पोहोचवण्यात आले होते. पुढे त्यांनी कैरो गाठले.

पाच जण, एक विमान

१ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने फ्रान्सविरुद्ध सशस्त्र लढा पुकारला. आघाडीच्या नऊ संस्थापकांत बेन बेला एक होते. शस्त्रे आणि पैसा जमवण्याचे काम ते बाहेरून पाहत.

२२ ऑक्टोबर १९५६ रोजी पाच जण मोरोक्कोहून ट्युनिसला निघाले. बेन बेला, हुसेन आईत अहमद, मोहम्मद बुदियाफ, मोहम्मद खिदर हे चार नेते आणि सोबत लेखक मुस्तफा लशरफ. विमान मोरोक्कोचे असले तरी चालक फ्रेंच होते. फ्रेंच लष्कराच्या हुकमावरून त्यांनी विमान ट्युनिसऐवजी अल्जियर्सला उतरवले. पाचही जणांना बेड्या पडल्या. हातकड्या घातलेल्या या पाच जणांचा फोटो जगभर छापला गेला. अल्जेरियातल्या घराघरांत ही नावे एका दमात घेतली जाऊ लागली, जणू पाच सख्खे भाऊ.

साडेपाच वर्षे फ्रान्सच्या कैदेत गेली. त्याच कैदेत बेन बेला आणि बुदियाफ यांच्यात मतभेदही रुजले, पण बाहेर ते फारसे कुणाला दिसले नाहीत. बाहेर लोक मरत होते. अल्जेरिया आपल्या शहिदांची संख्या पंधरा लाख मानतो. इतिहासकारांचे अंदाज त्याहून कमी आहेत, पण तेही काही लाखांच्या घरातच आहेत. अखेर मार्च १९६२ मध्ये एव्हियाँ इथे करार झाला, कैदी सुटले आणि ५ जुलै १९६२ रोजी अल्जेरिया स्वतंत्र झाला. गुलामीची १३२ वर्षे संपली.

आनंदाच्या महिन्यातच फूट

आता खरी परीक्षा सुरू झाली. सत्ता कुणाकडे जाणार? लढ्याच्या काळात एक हंगामी सरकार परदेशातून काम पाहत होते. बेन बेला यांनी ते मानले नाही. तिलिमसानला त्यांनी वेगळा गट उभा केला. त्यांच्या पाठीशी होती सरहद्दीपलीकडे तयार झालेली, ताज्या दमाची फौज आणि तिचे प्रमुख कर्नल हुआरी बुमेदियन. ही फौज राजधानीकडे निघाली. वाटेत आतल्या डोंगरांत सात वर्षे लढलेल्या मुजाहिदांशीच तिची गाठ पडली. अल्जेरियनांच्या गोळ्यांनी अल्जेरियन मेले. तेव्हा सामान्य माणसे, त्यात बायाबापड्याही, रस्त्यावर उतरली आणि सात वर्षे पुरे झाली, आता बस करा, असा आक्रोश करू लागली.

सप्टेंबर १९६२ मध्ये बेन बेला पंतप्रधान झाले. त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हाला इथेच सापडते. एकमेकांशी बोलून जे ठरवायचे होते ते बंदुकीने ठरले. ज्या फौजेने त्यांना खुर्चीवर बसवले, तिला ती खुर्ची काढून घेण्याची वाटही त्याच दिवशी कळली.

नेक इरादा आणि एकट्याचे राज्य

बेन बेला लोभी नव्हते, हे आधी इमानदारीने सांगितले पाहिजे. राजवाडा सोडून ते साध्या घरात राहत. देशाची हालत बिकट होती. एका वर्षात बहुतेक युरोपीय लोक देश सोडून गेले आणि त्यांच्यासोबत डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, कारकूनही गेले. बहुसंख्य जनतेला लिहितावाचता येत नव्हते. अल्जियर्सच्या रस्त्यांवर बूट पॉलिश करणाऱ्या पोरांना बेन बेला यांनी एकत्र केले आणि त्यांच्या शिक्षणाची सोय लावली. इजिप्तमधून शिक्षक बोलावले. मार्च १९६३ मध्ये हुकूम काढून सोडून गेलेल्या मालकांची शेते आणि कारखाने तिथल्याच कामगारांच्या ताब्यात दिले. खजिना रिकामा होता तेव्हा त्यांनी मदतीची हाक दिली आणि अल्जेरियातल्या आयाबहिणींनी आपले दागिने देशासाठी काढून दिले. लग्नातले सोने अंगावरून उतरवून देणे म्हणजे काय, हे आमच्या वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको. इतका विश्वास लोकांनी या माणसावर टाकला होता.

हा विश्वास लोकांनी देशासाठी दिलेली अमानत होती. बेन बेला तिला स्वतःची मालमत्ता समजू लागले, आणि आमच्या मते इथेच घसरण झाली.

१९६३ साली देशाची राज्यघटना बनायची होती. त्यासाठी निवडून दिलेली सभा होती आणि तिचे अध्यक्ष होते वयोवृद्ध नेते फरहत अब्बास. पण मसुदा आधी सभेपुढे आलाच नाही. राजधानीतल्या एका सिनेमागृहात पक्षाच्या कार्यकर्त्यांना जमवून तिथे तो मंजूर करून घेण्यात आला. फरहत अब्बास यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्यांना वाळवंटात नजरकैदेत ठेवले गेले. नव्या घटनेने एकच पक्ष ठेवला. सप्टेंबर १९६३ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही एकच होता. अर्थातच बेन बेला.

आता त्या विमानातल्या साथीदारांकडे वळू. बुदियाफ यांना जून १९६३ मध्ये अटक झाली. काही महिने कैदेत ठेवून सोडल्यावर त्यांनी देश सोडला. आईत अहमद यांनी वेगळा पक्ष काढला. कबाइल डोंगरात बंड उभे राहिले, फौज गेली, पुन्हा रक्त सांडले. १९६४ साली आईत अहमद पकडले गेले आणि त्यांना फाशीची शिक्षा झाली. ती बेन बेला यांनीच पुढे रद्द केली, पण कैद कायम राहिली. खिदर पक्षाचा खजिना सांभाळत. त्यांचेही बिनसले आणि ते देशाबाहेर गेले. लढ्यातला सर्वांत तरुण कर्नल मोहम्मद शाबानी याला सप्टेंबर १९६४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्याची तिशीही पुरी झाली नव्हती.

एकेक जण दूर होत गेला तसतशी त्याची खुर्ची बेन बेला यांच्याकडे येत गेली. राष्ट्राध्यक्ष तेच, सरकारचे प्रमुख तेच, पक्षाचे सरचिटणीस तेच आणि गृहखात्यासह आणखी खातीही त्यांच्याकडेच. प्रत्येक वेळी त्यांच्याकडे कारण तयार असे. देश नवा आहे, दुश्मन टपलेले आहेत, वादविवादाला वेळ नाही. कारणे अगदीच खोटी नव्हती. पण "आता वेळ नाही" म्हणणाऱ्याला नंतरही वेळ मिळत नाही. हळूहळू त्यांच्याभोवती फक्त मान डोलावणारी माणसे उरली आणि मान डोलावणारा माणूस कधीच सावध करत नाही.

१९ जूनची रात्र

१९६५ च्या जूनअखेर अल्जियर्समध्ये आशिया आणि आफ्रिकेतल्या देशांची मोठी परिषद भरणार होती. तोवर बेन बेला यांचे नाव नेहरू, नासिर, सुकार्नो यांच्या रांगेत घेतले जात होते. परिषदेने त्यांचा मान आणखी वाढला असता. दरम्यान संरक्षणमंत्री बुमेदियन यांच्या माणसांना बाजूला करण्याच्या हालचाली त्यांनी सुरू केल्या होत्या. परराष्ट्रमंत्री बुतफ्लिका यांची पाळी आली होती.

१९ जूनच्या मध्यरात्रीनंतर त्यांच्या दारावर फौज आली. सर्वांत पुढे होते लष्करप्रमुख ताहिर झबिरी. बुमेदियन यांना शह म्हणून बेन बेला यांनी स्वतः हाताने निवडलेला माणूस! सकाळी रणगाडे चौकाचौकांत उभे होते आणि रेडिओवर नव्या क्रांती परिषदेची घोषणा होत होती. काही शहरांत निदर्शने झाली, रक्तही सांडले, पण देश उठला नाही. ज्यांच्या एका शब्दावर लोक उठले असते, ते सगळे कैदेत होते, परदेशात होते किंवा कबरीत होते. त्यांना तिथे पाठवणारे हात बेन बेला यांचेच होते.

पंधरा वर्षे

त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. वकील नाही, निकाल नाही. एकांतातली कैद, ठिकाणाचीही उघड वाच्यता नाही. फ्रान्सने त्यांना दोन वेळा मिळून साधारण साडेसात वर्षे तुरुंगात ठेवले होते. स्वतंत्र अल्जेरियाने पंधरा वर्षे ठेवले. ज्या देशासाठी तुरुंग भोगला, त्याच देशाने दुप्पट तुरुंग दिला.

या अंधारात एक दिवा लागला. १९७१ साली जोहरा सेल्लामी या तरुण पत्रकार स्त्रीने त्यांच्याशी निकाह केला. हा माणूस कधी सुटेल, सुटेल की नाही, याचा काही भरवसा नव्हता. तरीही तिने त्यांची कैद आपली मानली आणि त्यांच्यासोबत तिथे राहिली. दोघांनी मुली दत्तक घेतल्या आणि पहाऱ्याच्या आत घर उभे राहिले. इतिहासाच्या पुस्तकात या बाईला ओळही मिळत नाही. आमच्या मते या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोठे काळीज तिचेच आहे.

डिसेंबर १९७८ मध्ये बुमेदियन वारले. पुढच्या वर्षी बेन बेला यांना नजरकैदेत हलवले आणि १९८० साली राष्ट्राध्यक्ष शादली बेनजदीद यांनी त्यांना पूर्ण मुक्त केले. तेव्हा ते चौसष्टीला आले होते.

उशिरा झालेली भेट

सुटल्यावर ते युरोपात गेले. १९८४ साली त्यांनी अल्जेरियात लोकशाही यावी म्हणून पक्ष काढला. ज्यांनी एकपक्षीय राज्य आणले, तेच आता अनेक पक्ष मागत होते. डिसेंबर १९८५ मध्ये लंडनला ते आणि हुसेन आईत अहमद एका व्यासपीठावर आले आणि दोघांनी मिळून लोकशाहीसाठी हाक दिली. एकाने दुसऱ्याला कैदेत टाकले होते आणि फाशीच्या दारापर्यंत नेले होते. तरी दोघे शेजारी बसले. माफी मागणारा आणि माफ करणारा, दोघांनाही यासाठी मोठे मन लागते. पण मध्ये एकवीस वर्षे निघून गेली होती.

बाकीच्या साथीदारांपैकी खिदर आणि बुदियाफ त्या भेटीपर्यंत किंवा त्यापुढे फार पोहोचले नाहीत. खिदर यांची १९६७ साली माद्रिदमध्ये हत्या झाली होती. बुदियाफ यांना १९९२ साली मोठ्या विनवणीने परत बोलावून देशाचे प्रमुख केले गेले आणि जेमतेम सहा महिन्यांत भाषण करत असतानाच त्यांच्या सुरक्षारक्षकाने त्यांना ठार केले. १९९० साली बेन बेला मायदेशी परतले, पण निवडणुकीत लोकांनी त्यांच्या पक्षाला थारा दिला नाही. नव्या पिढीला ते फोटोतले माणूस वाटत. नव्वदच्या दशकात देशात भयंकर यादवी झाली, तेव्हा १९९५ साली रोममध्ये सर्व पक्षांना एकत्र बसवून तोडगा काढण्याच्या प्रयत्नात ते आणि आईत अहमद पुन्हा सोबत होते. ११ एप्रिल २०१२ रोजी अल्जियर्समध्ये बेन बेला यांचे निधन झाले. सरकारी इतमामात त्यांचा दफनविधी झाला.

आपल्या घरासाठी

आता त्या मुलाचे उत्तर. बेन बेला यांनी दोस्तांना तुरुंगात टाकले ते दुष्टपणाने नव्हे. आपला हेतू चांगला आहे, म्हणून आपल्याला विचारणारा कुणी नको, असे त्यांना वाटू लागले. चांगल्या माणसाला हा रोग लवकर जडतो, कारण वाईट माणसाला निदान आपण चुकतोय याची खबर असते.

कुरआनात एका सूरहचे नावच 'शूरा' आहे. शूरा म्हणजे आपसातला मशवरा. उहुदच्या वेळी मदिनेतच राहून लढावे, असे पैगंबरांचे (स.) मत होते. तरुण सहाबांनी बाहेर पडून लढण्याचा आग्रह धरला आणि त्यांनी तो मानला. लढाईत मोठे नुकसान झाले. यापुढे कुणाला विचारू नका, असे सांगायला यापेक्षा मोठे निमित्त कोणते होते? पण सूरह आले इमरानमध्ये आदेश आला तो त्या लोकांना माफ करण्याचा आणि त्यांचा मशवरा पुढेही घेत राहण्याचा. म्हणजे मशवरा नुकसान होऊनही सोडायचा नसतो.

आमच्या पाहण्यात एक जमात आहे. तिच्या सदरांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून, उन्हातान्हात फिरून मुलांसाठी अभ्यासिका उभी केली. पुढे कुणी हिशेब विचारला की त्यांना तो अपमान वाटू लागला. बैठका बंद पडल्या, माणसे दूर झाली. आज अभ्यासिकेला कुलूप आहे. सदरांनी एक पैसाही खाल्लेला नाही, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. तरी कुलूप आहे. घरातही हेच घडते. दिवसभर राबणारा बाप म्हणतो, मी तुमच्यासाठीच करतो ना, मग मला विचारता कशाला? मुलीचे शिक्षण, मुलाचा धंदा, घराची खरेदी, सगळे त्याच्या एका शब्दावर. तो नेक असतो, पण त्याच्या घरात त्याला सावध करणारे कुणी उरत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नववीच्या वर्गात गेलो. त्या मुलाला उभे केले आणि हे सगळे जमेल तसे सोपे करून सांगितले. त्याने नीट ऐकले. मग थोडा चाचरत म्हणाला, "सर, मग काल तुम्ही मला खाली बसवलंत, ते?"

वर्ग हसला. आम्हालाही हसू आले, पण उत्तर सुचेना. शेवटी वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि त्याला सांगितले की प्रश्न परीक्षेला असो वा नसो, विचारत जा. आमच्या घरांत, जमातींत आणि वर्गांत असे विचारणारे सलामत राहोत आणि आम्हा मोठ्यांना ते ऐकून घेण्याचे धैर्य अल्लाह देवो. आमीन.